वरची माती, खालची माती

परवा घराला रंग देताना थिनरचा डबा उघडला आणि त्या वासानं मुलुंडच्या खाडीकाठचा बंद पडलेला रंगाचा कारखाना आठवला. लहानपणी आम्ही त्याच्या मागे खेळून आलो की आई पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. पुढे महापालिकेनं कारखाना पाडून तिथे बाग केली आणि उद्घाटन नारळी पौर्णिमेला ठेवलं. कोळीवाड्यातल्या आमच्या मासेवाल्या मावशीनं खाडीला नारळ द्यायचा, मग फीत कापायची. मावशी अबोली माळून आली. अगरबत्ती रोवायला तिनं लाल माती बोटांनी उकरली, तर बोटांना निळंजांभळं, चिकट काहीतरी लागलं. तो वास मी तिथल्या तिथे ओळखला. "साहेब, खालची माती काढलीच नाही का?" मी पालिकेच्या साहेबाला विचारलं. "मॅडम, वरून चांगली माती टाकलीये ना. चला मावशी, मुहूर्त टळतोय." मावशीनं बोटं हुंगली. "असली घाण पोटात ठेवून आमी खाडीला नारळ नाय देत," म्हणाली आणि नारळ मांडीवर घेऊन खाली बसली. साहेबानं दुसऱ्या कोळणींना बोलावलं, पण नारळाला कुणी हात लावेना. मी नव्या साडीनिशी मावशीशेजारी फतकल मारली. मागोमाग आमची अख्खी कॉलनी बसली. फीत तशीच राहिली. पुढचे दोन पावसाळे आम्ही साहेबाच्या ऑफिसचा पिच्छा सोडला नाही. ती माती ट्रक भरभरून गेली, तेव्हाच मावशीनं नारळ दिला. काल नात त्या बागेतून चिखलात बरबटून आली. मी तिला दारातच अडवलं, पाय धू म्हणाले, पण ते फक्त लादी खराब होते म्हणून.