व्ही वांग्याचा, डब्ल्यूही वांग्याचाच

लिहावे असे मला वाटू लागले ते पन्नाशी उलटल्यावर, आणि ते कोणीतरी वाचावे असे वाटले ते त्याहूनही उशिरा. लिहिणारी मी आहे हे मात्र कोणाला कळू नये, एवढीच माझी अट होती. या अटीचे मूळ भूकंपात आहे. त्या वर्षी लातुरात आम्ही सगळेच घराबाहेर, मैदानात झोपत होतो, आणि मी झोपेत बडबडते हे साऱ्या गल्लीला तिथेच कळले. मी मूलद्रव्यांची आवर्तसारणी म्हणत असे. पुढे कितीतरी दिवस लोक मला रस्त्यात थांबवून विचारत, "बाई, निऑनच्या पुढं काय झालं हो?" भिंतींच्या आत परतल्यावर मी ठरवून टाकले की आता आपले जे काही असेल ते आतच राहील.

नंतर लातुरात शिकवणी वर्गांचे पेव फुटले. मी एका वर्गात रसायनशास्त्र शिकवू लागले आणि वसतिगृहांनी भरलेल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर एकटी राहू लागले. समोरच्या इमारतीत, माझ्या गॅलरीसमोरच, किल्लारीहून आलेल्या मावशींची खानावळ होती. माझा दोन्ही वेळचा डबा त्यांच्याकडून येई. मला स्वतःला चहापलीकडे काही करता येत नाही.

माझा पहिला लेख मावशींच्या वरणावर होता. 'हे एक अतिविरल द्रावण असून त्यातील डाळ ही केवळ गृहीत धरावयाची आहे,' असे त्यात वाक्य होते. ते मला स्वतःलाच फार आवडले होते. परंतु मावशींना कळले असते तर डबा बंद झाला असता, आणि त्यांच्यासमोर गॅलरीत उभे राहणे मला आयुष्यात शक्य झाले नसते.

वर्गातल्या संगणकाच्या सरांना मी चाचरत विचारले, "समजा, एखाद्या व्यक्तीला नाव न कळू देता काही छापायचे असेल तर?"

"एखाद्या व्यक्तीला म्हणजे तुम्हाला," सर म्हणाले. त्यांनी कांद्याचे चिन्ह असलेला एक ब्राउझर माझ्या संगणकावर बसवला. प्रत्येक निरोपावर कांद्यासारखे पदर चढतात, त्यामुळे तो कोणी पाठवला हे वाटेत कोणालाच उमगत नाही, असे त्यांनी समजावले. पान उघडेपर्यंत माझा चहा निवत असे. परंतु गुप्ततेसाठी तेवढे सोसावे असे मला वाटले. लेख चढला. त्याचा पत्ता म्हणजे रोमन अक्षरांची एक लांबलचक, निरर्थक माळ होती.

"हा पत्ता मेसेजनं पाठवू नका," सरांनी बजावले. "मेसेज कोणीही वाचतं. तोंडी सांगा."

माझी एकमेव संभाव्य वाचक म्हणजे कंधारची थोरली बहीण. आक्काच्या संगणकावर तो कांदा भाच्याने बसवून दिला होता. आक्काला ऐकू जरा कमी येते, आणि माझ्या खोलीत फोनला रेंज येत नाही. मी गॅलरीत गेले. समोर मावशी मेथी निवडत बसल्या होत्या.

"आक्का, लिही. के कंधारचा."

"हाव."

"व्ही वांग्याचा."

"आणि डब्ल्यू?"

"तोही वांग्याचाच, पण तो पुढे आहे. आता जी."

"जी जिऱ्याचा?"

"नाही गं, गुळाचा!"

"मग जिरे कुठं घालायचे?"

"जिरे शेवटी! आता सी, सीताफळाचा."

"सीताफळाला एस लागतो, मास्तरीणबाई!"

समोरून मावशींनी विचारले, "बाई, पाहुणे येऊन राहिले का? लई सामान सांगून राहिल्या."

मी मान डोलावली. हो म्हणणे सोपे होते. माळ संपली, आक्काने ती टाकली, पान उघडले नाही. आम्ही पुन्हा कंधारपासून सुरुवात केली. "कांद्यातूनच उघड आक्का, म्हणजे कोणाला कळणार नाही!" मी ओरडले. तरीही उघडले नाही.

"मरू दे तुझा कांदा," आक्का वैतागून म्हणाली. "वाचून दाखव. मी ऐकते."

मी इतकी थकले होते आणि वाचक मिळाल्याचा आनंद इतका होता की मी छापील प्रत घेऊन आले आणि वाचू लागले.

"मोठ्यानं!" आक्का ओरडली.

मी मोठ्याने वाचले. अतिविरल द्रावणापाशी आक्का खदखदून हसली, म्हणून ते वाक्य मी पुन्हा, अधिक ठासून वाचले. मग वर पाहिले. गल्लीतल्या खिडक्या उघड्या होत्या. मावशींच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली होती.

"बाई," मावशी म्हणाल्या, "ते वरण आमचंच न्हवं?"

मी छापील प्रत पाठीमागे लपवली.

"वरण पातळ हाय, ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "पण भाकरीबद्दल एक शब्द न्हाई? एवढी भाकरी खाऊन राहिल्या तुम्ही!"

संध्याकाळी डबा आला. वरणात चमचा उभा राहत होता, आणि मावशी कठड्याशी येऊन बसल्या होत्या. मी जेवले, हात धुतले आणि भाकरीवर लिहायला घेतले. पहिला परिच्छेद झाल्यावर गॅलरीत गेले आणि घसा खाकरला.

"कांदा नको," मावशी म्हणाल्या. "इथूनच सांगा."