वाढीव गंडा

आमच्या मामेसासऱ्यांइतका निष्ठावंत खोटारडा मी दुसरा पाहिला नाही. बाकीची माणसं सोयीप्रमाणे खोटं बोलतात आणि सोय झाली की विसरून जातात. मामा उभ्या आयुष्यात एकच खोटं बोलले, पण लोक नवससुद्धा सांभाळत नाहीत इतक्या निगुतीनं त्यांनी ते सांभाळलं. ते खोटं असं: 'मी बुवांचा गंडाबंध शिष्य.'

बुवा म्हणजे जुन्या जालन्यातले थोर गवई. थोर होते यात शंका नाही. मी त्यांना दोनदा ऐकलं, आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. पण गवयाचा शिष्य होणं म्हणजे नुसतं शिकायला जाणं नव्हे. चार जाणत्या माणसांसमोर गुरू शिष्याच्या मनगटाला हळदीचं सूत बांधतो आणि त्याच्या तोंडात गूळ-चणे घालतो. त्या सुताला गंडा म्हणतात. तो बांधला जाईपर्यंत तुम्ही गुरूच्या घरी कितीही वर्षं पाणी भरा, तुम्ही पाणी भरणारेच. मामा पाणी भरणारे होते. सकाळी कापडाच्या दुकानात जाण्याआधी आणि संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर ते बुवांच्या घरी हजर असत. तंबोऱ्यांच्या कापडी गवसण्या उन्हात घाल, पिकदाणी घास, बुवांच्या मुलाला खांद्यावरून शाळेत पोचव, असलं सगळं त्यांच्याकडे होतं. मधूनच बुवा गायला बसत, तेव्हा मामांनी उंबऱ्याशी बसून ऐकायचं. एवढीच त्यांची तालीम.

पण शिष्यत्वाचे जेवढे म्हणून बाहेरचे सोपस्कार असतात तेवढे मामांनी खऱ्या शिष्यांपेक्षा कडक पाळले. गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरायची हा गवयांचा रिवाज. सायकलवर असताना कुणी बुवांचा विषय काढला की मामांचा एक हात सुटायचा, आणि त्यापायी कुंडलिका नदीवरच्या पुलाच्या कठड्याला त्यांनी एकदा सायकलसकट मिठी मारली होती. त्यांच्या उजव्या कानाची पाळी डावीपेक्षा बोटभर लांब होती असं माझी बायको आजही शपथेवर सांगते. गळ्याला वारा लागू नये म्हणून ऐन मे महिन्यातही मफलर असे. ज्या गळ्याची एवढी निगा, तो गाताना मात्र कुणी ऐकलेला नव्हता. "गुरूची आज्ञा न्हाई," एवढंच ते गंभीरपणे सांगत. दुकानात कापड मोजतानाही मनात ठेका चाललेला असे. समेवर आले की मीटरपट्टीला असा काही झटका बसे की गिऱ्हाइकाला चार बोटं कापड जास्तच जाई. शेठ डोक्याला हात लावून म्हणत, "तुमच्या समेपायी माझं दिवाळं निघून राह्यलंय हो." त्यावर मामा कनवाळूपणे म्हणत, "शेठ, सम चुकवू का मंग?" शेठजींना सम म्हणजे काय हे माहीत नसल्यामुळे मामांची नोकरी टिकली.

आपलं ते खोटं मामा जालन्यात बोलत नसत. जालन्याला सगळं ठाऊक होतं. ते बोलत गाडीत आणि परगावच्या लग्नात. परभणीच्या गाडीत समोरचा उतारू जरा रसिक वाटला की मफलर सैल व्हायची, हात कानाला जायचा आणि "आमचे बुवा म्हणायचे..." सुरू व्हायचं. एकदा एका भल्या माणसानं खिडकीची जागा सोडून दिली आणि टोपलीतले पेरू दिले. मामांनी त्यातला एकही खाल्ला नाही. घरी येऊन ते बुवांच्या फोटोपुढे ठेवले आणि मग सगळ्यांना प्रसाद म्हणून वाटले. खोट्याची मिळकत इतक्या प्रामाणिकपणे वाटलेली मी तरी पाहिलेली नाही.

आता बुवांविषयी. दर गुरुपौर्णिमेला मामा विचारत आणि दर गुरुपौर्णिमेला बुवा म्हणत, "पुढल्या साली बघू." एका वर्षी मामांचा आवाज पिकलेला नव्हता, पुढच्या वर्षी तो जास्त पिकला होता. दरम्यान एका सावकाराचा मुलगा टांगाभर आहेर घेऊन आला आणि महिन्याभरात शिष्य झाला. त्याचा सूर ऐकून शेजारची म्हैस आटली अशी त्या गल्लीत वदंता होती. यातली खरी गंमत, गंमत म्हणायची असेल तर, अशी की त्या मुलाचा गंडा मामांनीच वळला होता. त्याचाच नव्हे, सगळ्यांचे. कापडातला माणूस, सुताची पारख असलेला. म्हणून ते काम आपसूक त्यांच्याकडे आलं. कच्चं सूत आणायचं, मांडीवर तीनपदरी वळायचं, हळदीच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवायचं. ते दर वेळी दोन गंडे वळत. एक ज्याचा असेल त्याचा, आणि एक वाढीव. बुवांच्या मनात ऐनवेळी काही आलंच, तर सुतावाचून अडू नये!

तो वाढीव गंडा संध्याकाळी परत घरी येई. मामी कुठलीच चांगली वस्तू वाया जाऊ देणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या लोणच्याच्या बरण्यांची तोंडं कायम त्या पिवळ्या सुतानं बांधलेली असत. बरणी उघडताना त्या हमखास म्हणत, "तुमच्या बुवाची खरी शिष्या हीच बघा, माझी कैरी. नेमानं गंडा बांधून बसलीय." मामा हसत आणि आणखी एक फोड मागत. आंबट गळ्याला वाईट, याचा त्यांना तेवढ्यापुरता विसर पडे.

बुवा वारले. त्यानंतर काही वर्षांनी, ते हयात असताना ज्यांनी त्यांच्या घराची वीज तोडली होती त्यांनाच त्यांच्या घराचं स्मारक करावंसं वाटलं. समिती झाली, अनुदान आलं, भिंतींना गुलाबी रंग लागला. उद्घाटनाला मंत्री संध्याकाळी यायचे होते, आणि सकाळी ओळखीपाळखीच्या लोकांना घर दाखवणार होते. आम्ही नवीन जालन्यातून निघालो तेव्हा मामा धुतलेलं धोतर आणि कडक इस्त्रीचा कोट घालून आधीच दारात उभे. वाटेत ते माझ्या बायकोला म्हणाले, "पोरी, आज मी भय्यासाहेबाला सांगणारय. संगमरवराची पाटी लावलीय म्हणं शिष्यांची. त्यात शेवटी का होईना, माझं नाव टाका म्हणणारय." भय्यासाहेब म्हणजे बुवांचा मुलगा, एके काळी मामांच्या खांद्यावरून शाळेत गेलेला. बायको म्हणाली, "पण मामा, तुमचा गंडा..." मामा म्हणाले, "इतक्या सालांनी कोण बघतंय पोरी?" आणि पुढे चालू लागले.

घर दाखवायला समितीचे चिटणीस होते. व्यवसायानं वकील, त्यामुळे समोर आम्ही तिघं असूनही ते "रसिकहो!" अशी सुरुवात करत. प्रत्येक वाक्यात बुवांचं नाव येत असल्यानं मामांना कान सोडायला सवडच मिळेना. ते कान धरूनच सगळं घर फिरले. एखाद्या थोराड विद्यार्थ्याला शिक्षा झाल्यासारखं ते दिसत होतं. काचेच्या कपाटात बुवांची कवळी मखमलीवर ठेवली होती. बुवा जमिनीवर गादी टाकून निजत, पण दर्शकांची निराशा होऊ नये म्हणून एक नक्षीचा पलंग आणला होता. 'साधनेची खोली' म्हणून दाखवली ती जागा गोवऱ्या ठेवायची होती, असं मामा माझ्या कानात म्हणाले, आणि लगेच "पण चांगली दिसतीय," असंही म्हणाले. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'बुवांनी विद्यादान करताना हात कधी आखडला नाही.' मी मामांकडे पाहिलं. ते ती ओळ भक्तिभावानं वाचत होते.

शेवटच्या दालनात एकट्या एका काचेच्या पेटीवर दिवा सोडला होता. आत चांदीचं ताट, गूळ, चणे आणि लाल-पिवळा दोरा. चिटणिसांनी आवाज खाली आणला. "रसिकहो, हा बुवांनी स्वहस्ते वळलेला अखेरचा गंडा. कुणा भाग्यवंतासाठी वळला होता, ते आता कोण सांगणार?"

मामांचा हात पहिल्यांदा कानावरून खाली आला. ते पेटीवर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. क्षणभर मला वाटलं, म्हातारा आता रडणार. तो भाग्यवंत आपणच असं त्याला वाटलं असणार. पण ते सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुकानात खराब निघालेलं कापडाचं ठाण परत करताना असे तसा भाव होता.

"मिलचा है," ते हळूच म्हणाले. "बाजारातला नाडा."

चिटणीस ओशाळले नाहीत. "अहो काका, पेटी रिकामी दिसत होती," ते म्हणाले. "भाव महत्त्वाचा."

तेवढ्यात सफारी सूट घातलेले भय्यासाहेब घाईघाईनं आले आणि थेट मामांच्या गळ्यात पडले. मामांना काही मागायची वेळच आली नाही. "काका, तुम्हालाच शोधून राह्यलो होतो! संध्याकाळी स्टेजवर बसायचंय तुम्ही. मंत्र्यांच्या हातून शाल." त्यांची अडचण खरी होती. मंत्र्यांना बुवांच्या शिष्याचा सत्कार करायचा होता आणि शिष्य शिल्लक नव्हता. सावकाराचा मुलगा वारला होता, एकाला लकवा झाला होता, आणि मुंबईचा जो नामवंत होता त्यानं बुवांचं नाव काढताच फोन ठेवला होता. "तुम्ही दोन शब्द बोला फक्त," भय्यासाहेब म्हणाले. "'या खोलीत बुवांनी स्वतः सूत वळलं अन् माझ्या हाताला बांधलं', एवढंच. पाटीवर नाव उद्याच कोरून घेतो. तुमचा गंडा झालाच आहे ना?"

माझ्या बायकोनं माझा दंड घट्ट धरला. मामांनी ज्याच्यासाठी आयुष्यभर पिकदाणी घासली होती ते, शाल आणि मंत्र्यासकट, पुढ्यात आलं होतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं, आणि त्या 'हो'चा त्यांच्याइतका सराव दुसऱ्या कुणाला नव्हता.

"न्हाई," मामा म्हणाले. "माझा गंडा झाला न्हाई, भय्यासाहेब."

"अहो, पण तुम्हीच तर सांगत फिरता सगळीकडे!" चिटणीस ओरडले. "माझ्या सासऱ्यांना सांगितलंत तुम्ही, गाडीत!"

"सांगितलं असंल. पण न्हाई झाला. बिलकुल न्हाई."

भय्यासाहेबांनी घड्याळात पाहिलं. "मंग बाबांच्या जुन्या नोकरांत बसवू का तुम्हाला? त्यांची पण एक रांग है." मामांनी नम्रपणे हात जोडले आणि ते बाहेर आले.

आम्ही पुलापर्यंत आलो. मग माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "मामा, हो म्हणायचं की! कुणाचं काय जात होतं?"

"सकाळी म्हणणार होतो. पण आत गेल्यावर त्या घरात कसं म्हणू, जावईबापू? बुवाला ठाऊक होतं ना सगळं."

"काय ठाऊक होतं?"

"मी गाडीत काय सांगतो ते. कोन्हीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. एक दिवस पाय दाबून राह्यलो होतो, तर म्हणले, 'काय रे, माझा गंडाबंध म्हणून फिरतो म्हणं तू?' मी पायच धरले. आधी माझ्याकडं बघितलं. मंग हसले. म्हणले, 'फिर. गाडीत फिर. या घरात न्हाई.'" मामा थांबले, धाप लागली होती त्यांना. "तेवढी एक आज्ञा केली त्यांनी मला. दुसरं काय दिलं?"

इतक्या मोठ्या गवयानं इतक्या मोठ्या सेवेपोटी खोटं बोलायची परवानगी दिली, तीही घराबाहेरची. आणि या माणसानं ती बंदिशीसारखी जपली. मला बुवांचा मनस्वी राग आला. मामांपुढे तो बोलून दाखवायची सोय नव्हती.

संध्याकाळी मंत्री दोन तास उशिरा आले आणि त्यांनी बुवांना उत्कृष्ट तबलजी म्हटलं. शाल शेवटी चिटणिसांनाच मिळाली.

त्यानंतर मामांचं ते खोटं बंद झालं. आम्हाला आधी कळलंच नाही. प्रवासाला निघाले की मामी मुद्दाम विचारत, "आज कुणाला गाठणार?" तर ते नुसते हसत. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "एकदा खरं बोललो ना, आता त्याचा सूर लागत न्हाई."

मागच्या हिवाळ्यात त्यांना डोळे दाखवायला औरंगाबादला नेलं होतं. दवाखान्यात शेजारी बसलेले एक गृहस्थ स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते. मामा डोळे मिटून ऐकत होते. मांडीवर एक बोट हलत होतं. गृहस्थ थबकून म्हणाले, "गाण्यातले दिसता!"

मी वाट पाहिली. मामा म्हणाले, "न्हाई, मी कापडात होतो."

आणि मग मीच बोललो. कधी नव्हे तो आवाज चढवून बोललो, त्यामुळे तीन-चार माणसांनी माना वळवल्या. "काय सांगता! हे आमच्या बुवांचे गंडाबंध शिष्य आहेत."

गृहस्थ अदबीनं अर्धवट उठले. मामांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदूच्या त्या पांढुरक्या पडद्यामागून त्यांना माझं तोंड कितपत दिसलं कोण जाणे.

"जावई मजाक करतेत," ते त्या गृहस्थांना म्हणाले. "तुम्ही म्हणा. थांबू नका."