मंडळाची मुलगी

दारावरची बेल वाजली की मी स्वयंपाकघरात जाते. त्यात शिष्टपणा नसतो, पाय आपोआप तिकडे वळतात. कॉलेजात जाणारी आपली मुलगी पाहुणे आले की पिठाच्या डब्याशेजारी का उभी राहते, असं कुणी विचारलं तर आई सांगते, "तिला स्वयंपाकाची भारी आवड." (मला साधा वरणभात येत नाही.)

बाबा रेल्वेत, म्हणून आम्ही साताऱ्याचे लोक जयपूरला. आई दुपारी मुरलीपुऱ्यातल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या मुलांना घरी बोलावून शिकवायची. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाला 'गावाकडच्या' गरीब मुलांना पैसे देऊन शिकवायचं होतं. आईने त्यांना फोनवर ठणकावून सांगितलं, "आमचं गाव आता हेच!" आणि मंडळाने ते मानलं. अशा रीतीने गुलाब मंडळाची मुलगी झाली.

गुलाबचे वडील मुरलीपुऱ्यात पत्रे कापायच्या मशीनवर होते. ती लहानपणापासून रोज आमच्याकडे यायची आणि आईच्या मागे मागे फिरून मराठी शिकली होती. नुसती शिकली नव्हती, तिचं मराठी खास सातारी होतं! मी मात्र इंग्रजी शाळेतली. माझं मराठी "मतलब" पासून सुरू व्हायचं आणि तिथेच अडकायचं.

त्या वर्षी गुलाब दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला पुढे सायन्स हवं होतं. ते महागाचं, म्हणून मंडळाने ठरवलं की आधी मुलगी बघायची आणि मग काय ते सांगायचं. बघायला मंडळाचे कानिटकर काका-काकू अमेरिकेहून येणार होते. त्यांनी हो म्हटलं तर सायन्स, नाही म्हटलं तर गुलाबच्या घरच्यांनी शिवणाचा क्लास आधीच बघून ठेवला होता.

गोंधळाला सुरुवात बाबांनी केली. काका-काकू दिल्लीहून येणार एवढंच आम्हाला माहीत होतं. रेल्वेतल्या माणसाच्या मते दिल्लीहून माणूस रेल्वेनेच येतो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनवर गेले. काका-काकू टॅक्सीने थेट आमच्या दारात उतरले.

बेल वाजली. मी स्वयंपाकघरात.

दार गुलाबने उघडलं. तिने आईने शिवलेला नवा ड्रेस घातला होता. "या, या काकू! दमला असाल. चपला राहू द्या हो, आत या." माझ्या अंगावर घर झाडतानाचा जुना सलवार-कमीज होता आणि पुऱ्यांच्या पिठाने कोपरापर्यंत हात माखले होते. आईने माझ्या हातात पाण्याचा ट्रे कोंबला आणि मला बाहेर ढकललं.

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "अहो वहिनी, हीच का ती आपली मुलगी?"

आईपुढे कढई. मान वळवली तर पुरी जळणार. दार गुलाबने उघडलंय हे तिला माहीत होतं. ती आतूनच ओरडली, "हो हो, तीच! फार गुणी आहे!"

झालं! मी मंडळाची झाले!

(त्याच क्षणी "मी नाही, ती" एवढं म्हटलं असतं तर हा लेख इथेच संपला असता. पण मी काय म्हणाले? मी म्हणाले, "पाणी.")

त्यात आमच्या घरची रीत. बाहेरचा माणूस, मग तो कुणीही असो, आधी पंगतीला बसणार आणि घरची मुलगी वाढणार. म्हणजे गुलाब काका-काकूंच्या शेजारी ताटावर बसली आणि मी पुऱ्या घेऊन आत-बाहेर पळू लागले. जिलबीची परातही माझ्याच हातात! यानंतर कुणाच्या मनात शंका राहणार?

"बेटी," काकू माझ्याशी हळू आणि मोठ्या आवाजात हिंदी बोलू लागल्या, "तुम को पढ़ाई अच्छा लगता?"

मी मान हलवली. नक्की कोणत्या दिशेला, ते मलाच कळलं नाही.

"तिला मराठी येतं हो," गुलाब मटकीवर लिंबू पिळत म्हणाली. "लाजते फक्त."

"असं? छान!" काका सरसावले. ते इंजिनियर होते. "मग सांग बघू, सतरा पाचे किती?"

आता इंग्रजी शाळेतल्या मुलीचं दुःख कुणाला सांगायचं! उत्तर मला लगेच आलं होतं, पण इंग्रजीत. त्याला मराठीत काय म्हणतात ते आठवेना. पंच्याहत्तर, पंचावन्न, पंच्याण्णव... सगळे एकाच चाळीत राहणारे सख्खे भाऊ! मी त्यातला एक धरून बाहेर ओढला.

"पंचावन्न."

काकांचा घास हातात राहिला.

"पंच्याऐंशी!" गुलाब चटकन म्हणाली आणि मला खुणेने विचारलं, काय झालं गं तुला?

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. मग मला कळू नये म्हणून दोघं इंग्रजीत बोलू लागले. त्या घरात इंग्रजी सगळ्यात जास्त कुणाला कळत असेल, तर मला! काकू म्हणाल्या, बिचारी कष्टाळू आहे पण डोक्याने बेताची आहे, सायन्स झेपायचं नाही. काका म्हणाले, उगाच मुलीवर ओझं नको, शिवणकामच बरं.

गुलाब शाळेत इंग्रजी शिकली होती, पण असं अमेरिकेतलं, नाकातून येणारं नव्हे. ती छानपैकी श्रीखंड चाटत होती. तिचं सायन्स माझ्या पंचावन्नमध्ये बुडत होतं आणि हे फक्त मला कळत होतं!

मी धावत आत गेले. "आई, गडबड झाली!"

"मीठ कमी पडलं ना? तरी मी म्हणत होते."

"मीठ नाही गं! मतलब, मी ती..."

"आधी ह्या गरम पुऱ्या ने."

पुऱ्या घेऊन बाहेर आले, तर काकू बॅग उघडून बसल्या होत्या. गुलाबला सेंटची बाटली दिली, "घरच्या लेकीला छोटीशी भेट." मला त्यांच्या मुलीचा वापरलेला स्वेटर. गुलाब बाटलीकडे बघते, स्वेटरकडे बघते, मग माझ्याकडे बघते. तिच्याही डोक्यात आता काहीतरी शिजायला लागलं होतं.

आता बोलायलाच हवं होतं. मी पुऱ्यांचं ताट खाली ठेवलं, शाळेत वक्तृत्व स्पर्धेला राहतात तशी ताठ उभी राहिले, हात मागे बांधले आणि डोळे मिटून बोलायला लागले. जे आलं ते अस्खलित इंग्रजीत आलं. आदरणीय काका आणि काकू, आपला गैरसमज झाला आहे वगैरे वगैरे.

डोळे उघडले तर काकू पदराने डोळे पुसत होत्या.

"अहो, ऐकलंत? काय इंग्रजी! आपल्या पैशाचं सोनं झालं!"

"नाही काकू! मी मंडळाची नाही, मी इथलीच आहे! हे माझंच घर आहे!"

"हो गं बाळ," काकूंनी मला जवळ घेतलं. "असंच समजायचं. परकं वाटून घ्यायचं नाही."

तेवढ्यात बाबा घामाघूम होऊन दारात उभे. "गाडी आली, रिकामी झाली, यार्डात गेली! तुम्ही कुठे होतात?"

"तुमची लेक फार गोड आहे हो," काकू गुलाबच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या.

बाबांनी गुलाबकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांना खोटं कसं पाडायचं? "आभारी आहे," ते म्हणाले आणि मला म्हणाले, "अगं, जरा पाणी दे."

"किती राबवता हो तिला!" काकू कळवळल्या.

शेवटी कढई उतरवून आई बाहेर आली आणि तिने माझ्या दंडाला धरून सांगितलं, "ही माझी." मग गुलाबच्या. "ही तुमची."

मग गुलाबला असं हसू फुटलं की श्रीखंड नाकात गेलं.

काका सावरले. "मग तू सांग, सायन्स कशाला हवं?"

"बाबांच्या कारखान्यातलं मशीन सारखं बंद पडतं," गुलाब ठसका आवरत म्हणाली. "मिस्त्री येतो, दोन लाथा घालतो, ते सुरू होतं. मला बघायचंय, लाथ नेमकी लागते कुठे."

इंजिनियर काका तिथेच विरघळले. अकरावी-बारावीच काय, पुढचंही बघू म्हणाले! निघताना त्यांनी कॅमेरा काढून आम्हा दोघींचे अंगणात वेगवेगळे फोटो घेतले. आम्हाला वाटलं, आठवण म्हणून.

नव्या वर्षी मंडळाचं कॅलेंडर आलं. एका पानावर दोन फोटो होते. डावीकडे मी: जुना सलवार, पिठाचे हात, मान खाली, खाली लिहिलेलं 'मदतीपूर्वी'. उजवीकडे नव्या ड्रेसमधली गुलाब, 'मदतीनंतर'.

बाबा चिडले. आई फोन करणार होती. तोवर काकूंचाच फोन आला. डावीकडचा फोटो बघून तिकडे लोकांना राहवलं नाही म्हणे, आणखी कितीतरी मुलींची सोय झाली!

समाजासाठी मी आजवर जे काही केलं आहे ते एवढंच. काकूंनी विचारलंय, पुढच्या कॅलेंडरसाठी पुन्हा उभी राहशील का. फक्त उभं राहायचं आहे, बोलायचं काही नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं.