कुंताबाईचे सरगुंडे

सानगडीच्या बाया स्वतःला फार सोवळ्या समजतात. त्यांचं सोवळं मी जवळून पाहिलं आहे, आणि आजही आठवलं की मला किळस येते.

आमच्या शेजारची कुंताबाई शेवया करी, नखाने दाबायच्या नखुल्या करी. पण सरगुंडे करावेत तर तिनेच. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची आणि अलगद सोडवून खाटेवर वाळत टाकायची. इतरांच्या नळ्या चपट्या व्हायच्या, तिच्या पोकळच राहायच्या. पुढे नागपूरच्या दुकानात इटलीची म्हणून असल्याच नळ्यांची पाकिटं पाहिली, तेव्हा मला हसू आलं. उन्हाळ्यात कुणाच्याही अंगणात बायकांचा घोळका बसला की मधोमध कुंताबाई असायचीच. नवरा सोमाजी अबोल, मूलबाळ नाही; तिचं बोलणं-हसणं सगळं त्या घोळक्यात.

एकोणऐंशी साली तिच्या बोटांवर कोड उमटलं. हे कुणाला लागत नाही, असं डॉक्टरने सांगितलं. तरी तिला बोलावणं बंद झालं. ती दारात बसून दुसऱ्यांच्या अंगणातला गलका ऐकत राही.

दोन वर्षांनी पुष्पाबाईच्या मुलीचं लग्न पवनीला ठरलं. मुलाकडच्यांना पंगतीत सरगुंडे हवे होते. पुष्पाबाई मागच्या दाराने कुंताबाईकडे आली. "तू घरीच कर, कोनाले सांगू नको. मी केले म्हनून सांगीन. मंग शेवयाच्या दिवशी तुले बायायत बसवीन."

बायांत बसायचं म्हणून कुंताबाईने टोपलंभर सरगुंडे वळले.

शेवयांच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून गेली. पुष्पाबाईने तिला गोठ्याकडे बोट दाखवलं. "तू तिकडं बस. कोंबड्या हाकल." बाया खाली माना घालून हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

विहीण सुलोचनाबाई त्याच दिवशी पवनीहून आली होती. टोपल्यातला सरगुंडा उचलून म्हणाली, "कोनं केले हे? लय सुंदर!"

"मीनंच केले," पुष्पाबाई म्हणाली.

कुंताबाई उठली. घोळक्यात शिरली आणि परातीतल्या कणकेत दोन्ही हात मनगटापर्यंत रोवले. "ह्याच हातानं केले, विहीनबाई. आता कनीक फेका, नाही तं माह्यासंगं बसून शेवया करा."

कुणी बसलं नाही. सगळ्या लुगडी सावरत मागे सरकल्या. ती हात न धुताच घरी गेली.

कणीक म्हशीपुढे टाकली. सरगुंड्यांवर मात्र दोघी विहिणींचं लगेच एकमत झालं. "उकळत्या पान्यात शिजलं का काही रायत नाही," पुष्पाबाई म्हणाली. म्हणे काही राहत नाही! शेवया काय कच्च्या खाणार होत्या?

लग्नात आंब्याच्या रसासोबत सरगुंडे वाढले. मागे सरकलेल्या त्याच बाया मागून मागून खात होत्या, बोटं चाटत होत्या. कुंताबाईला लग्नाचं आवतन नव्हतं.