तंबोऱ्याआडून दिसलेली मान

गुरुजींचा चेहरा आठवायला बसलो की मला त्यांची मानच आठवते. सोळा वर्षं मी त्यांच्या मागं तंबोरा घेऊन बसलो. घामानं ओली झालेली कॉलर, कानामागचा तीळ, न् पांढरे होत गेलेले केस. लोकांनी त्यांना समोरून ऐकलं, मी मागून.

आमचं घर वडीगोद्रीचं, मेंढरं राखणारं. माळावर हाका मारून मारून माझा गळा वर मोकळा झालेला. गुरुजी अंबडला, एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत शिकवायचे. पहिल्या दिवशी मी वरचा सा लावला तर म्हणाले, "अरे बाबा, इथं मेंढरं न्हाईत. जरा हळू." असा राग आल्ता मला! तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

मागं बसणाऱ्याचा नियम त्यांनी पक्का करून दिला होता. गुरू दम घ्यायला थांबला की त्यानं लावलेला सूर आपण धरून ठेवायचा. पण जो सूर गुरूनं अजून लावलाच न्हाई, तो शिष्यानं आधी लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई.

पुढं पुढं गुरुजींनी एक नवंच काढलं. भीमपलास राग गाताना वरच्या 'सा'च्या तोंडाशी यायचे, त्याच्या एक पायरी अलीकडं, निषादावर उभे राह्यचे, न् गप्प. हात तेवढा वर जायचा. मंग सावकाश खाली उतरायचे. लोक वाहवा करायचे. म्हणायचे, हा माणूस सूर न लावता ऐकवतो! मलाही तसंच वाटायचं.

मंग ती जांबची दुपार. रामनवमीचा उत्सव, मंडप गच्च. त्या दिवशी गुरुजींचा निषाद असा लागला की माझी छाती भरून आली. ते गप्प झाले, हात वर गेला, आणि काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे, मी सा लावला. मोकळा, माळावरचा. मंडपात टाळ्याच टाळ्या. गुरुजींनी मागं वळून पाह्यलं न्हाई. मान तेवढी खाली गेली. राहिलेलं गाणं त्यांनी मलाच पुरं करायला लावलं.

परत येताना जीपमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. "चांगला लागला," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते लोकांपुढं कधी गायले न्हाईत. मला मात्र बोलावण्यांवर बोलावणी यायला लागली.

ते गेले तेव्हा त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, मी धीर करून विचारलं, "काकू, गुरुजी माझ्यावर नाराज होते का हो?"

काकूंनी मला जवळ बसवलं. मंग म्हणाल्या, "अरे, वरचा सा त्यांना लागतच नव्हता. जांबच्या आधीच वर्ष झाल्तं. दार लावून रडायचे. कोणाला कळू नये म्हणून तिथं गप्प राह्यचे. तुझ्यावर नाराज होते का, ते मला न्हाई ठाऊक. मला कधी बोलले न्हाईत."

म्हणजे बिचाऱ्यांनी वर्षभर जे झाकून ठेवलं, ते मी भर मंडपात उघडं पाडलं होतं.

तेव्हापासून त्या मानेनं माझा पिच्छा सोडला न्हाई. बाजारात कोणी पाठमोरा उभा दिसला की माझे पाय थांबतात. रियाजाला बसलो की पुढं तीच मान. मी सा लावला की खाली जाते. कितीदा चिडून ओरडलो असेन, "एकदा वळा की हो! शिव्या द्या, पण वळा!" घरातले म्हणतात, म्हातारा भिंतीशी भांडून राह्यला.

आणि दोन वर्षांपूर्वी माझाही वरचा सा गेला. डॉक्टर झाले, ज्येष्ठमध झालं, काही उपयोग न्हाई. कोणाला बोललो न्हाई मी.

यंदा राजूरला गणपतीपुढं दुपारचं गायला बसलो. मागं तंबोऱ्यावर माझी शिष्या, शाळेत मास्तरीण आहे. मागं बसण्याचा नियम मीच तिला शिकवलेला, जरा जास्तच कडक. भीमपलास निघाला. निषादावर उभा राह्यलो न् गप्प झालो. हात आपोआप वर गेला. लोक "वाहवा" म्हणाले, आणि ती वाहवा मला चटक्यासारखी लागली.

मागं तिनं दम भरलेला मला ऐकू आला. पोरगी नियमाची पक्की, पण राहवलं न्हाई तिला. तिनं सा लावला. आणि काय लावला! मला लाज वाटली, हेवाही वाटला, न् वरून छातीवरचा धोंडा कोणी उचलून घेतल्यागत हलकं हलकं झालं. डोळे भरून आले. लोकांना दिसू नये म्हणून मी मान खाली घातली.

तसा मागचा सूर थरथरायला लागला. तिला मागून काय दिसत असणार, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

मी वळलो. भर मंडपात, लोकांकडं पाठ करून, तसाच ओल्या तोंडानं.