आक्काची भिंत आणि साडेतेवीस अंश

गेल्या मे महिन्यात मी शेजारच्या आक्काचं ऊन पळवलं. पळवलं तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही, आक्काच्याही नाही. कळलं ते दिवाळी झाल्यावर, आणि तोवर माझ्या गच्चीवरचे पत्रे बोल्ट आवळून पक्के बसले होते.

निवृत्त झाल्यावर आम्ही कोल्हापूरशेजारच्या गडमुडशिंगीत एक बैठं घर बांधलं. मला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची आणि वाचता वाचता मत द्यायची सवय आहे. सहा महिने ही मतं ऐकल्यावर आमच्या अनुजानं, म्हणजे सौभाग्यवतींनी, सुचवलं की तुम्हाला गच्चीवर एक स्वतंत्र खोली हवी. लेखन-वाचनासाठी. मी भारावून गेलो. बाळासो फॅब्रिकेटरला बोलावलं आणि त्यानं दोन दिवसांत गच्चीच्या उत्तरेच्या कडेला लोखंडी सांगाडा उभा करून त्याला चांगले पुरुषभर उंचीचे पत्रे ठोकले.

उत्तरेला एक अरुंद बोळ आहे आणि बोळापलीकडं आक्काचं घर. तिची दक्षिणेकडची भिंत आमच्याकडं तोंड करून असते. या भिंतीवर ती शेणी थापते. पुण्या-मुंबईकडचे लोक त्यांना गोवऱ्या म्हणतात. 'शेणी' म्हटलं की कोल्हापूरकराच्या नाकाला जो वास येतो, तो गोवरीला येत नाही.

तर पत्रे लागत असताना आक्का बोळात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वय ऐंशीच्या आगेमागे, आवाज पंचविशीतला. मी राहायला आलो त्या दिवशी तिनं मला 'पावणं' म्हटलं होतं, दुसऱ्या दिवशी 'मास्तर', आणि तिसऱ्या दिवसापासून सरळ 'तू'.

"मास्तर, माझ्या भितीचं ऊन जाईल न्हवं का रं?"

भरदुपार होती. मी सावली पाहिली. सावली चक्क माझ्याच बाजूला, माझ्याच गच्चीवर पडली होती.

"बघा की आक्का! तुमच्याकडं टिचभरसुद्धा सावली नाही."

"न्हाय की," बाळासोनं पत्र्यावरूनच साक्ष दिली.

"शब्द देतोस?"

"दिला!"

आता कबूल करायची गोष्ट अशी की मी आयुष्यभर भूगोल शिकवला. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पुढं ऑगस्टपर्यंत दुपारी तो जरा उत्तरेला राहतो, म्हणून सावली दक्षिणेला पडते. मग तो दक्षिणेकडं जो कलंडतो तो थेट डिसेंबरापर्यंत, आणि सावल्या उत्तरेला लांबच लांब होत जातात. हे मी फळ्यावर रंगीत खडूनं काढून दाखवलेलं आहे. हे न आलेल्या पोरांना बाकावर उभं केलेलं आहे. पण त्या दिवशी गच्चीवर जाताना जशी जिन्यात चप्पल काढली, तसा भूगोलही खालीच काढून ठेवला होता.

पावसाळा गेला. दिवाळी झाली. आक्कानं भिंत झाडली, शेणात भुसा कालवला आणि थापायला घेतलं. चार दिवसांनी बोळातून हाक आली. हाक कसली, अख्ख्या गल्लीनं दारं उघडली.

"मास्तर! खाली ये! ह्यो काय प्रकार हाय बग!"

गेलो. भिंतीवर माझ्या पत्र्याची सावली अशी चौकोनी बसली होती की जणू बाळासोनं तीही बोल्ट लावून बसवून दिली होती. सावलीतल्या शेणी ओल्याच्या ओल्या, कडेनं पांढरी बुरशी धरलेल्या.

इथं आक्काच्या शेणींचं मर्म सांगायला हवं. त्या चुलीसाठी नव्हत्या. चूल कधीच गेली, सून संयोगिता गॅसवर रांधते. त्या शेणी आक्का स्वतःसाठी करते. स्वतःसाठी म्हणजे स्वतःच्या चितेसाठी.

तिचे मालक गणपतराव ऐन आषाढात गेले. सरण ओलं, शेणी ओल्या. पेटता पेटेना. नुसता धूर. खांदेकरी खोकून खोकून बेजार. "गणपतरावानं जाता जाता वैऱ्यालासुदीक रडीवलं," असं कुणीतरी म्हणालं, आणि लोक धुरात हसले. ते हसू घरापर्यंत आलं आणि आक्काच्या मनात रुतून बसलं.

"जल्मभर त्या माणसावर कोण हसलं न्हवतं," ती मला एकदा म्हणाली होती. "मी अशी धुमसत जायची न्हाय, मास्तर. मी भडाभडा जाणार. माझ्या हातानं थापलेल्या, खडखडीत वाळलेल्या शेणीवर."

तेव्हापासून दर वर्षी दिवाळीनंतर ती थापायला बसते. संक्रांतीपर्यंत हुडवा, म्हणजे शेणींची रास, रचून तयार. होळीपर्यंत आपण गेलो नाही तर तो सगळा हुडवा पिराजीच्या, म्हणजे थोरल्या लेकाच्या, टेम्पोत घालून कोल्हापूरला स्मशानभूमीत दान. आपल्याकडं होळीला पुष्कळ लोक शेणी दान करतात. पण स्वतःची न वापरलेली चिता परत करणारी आक्का मी तरी एकच पाहिली. उन्हाळ्याची तिला फिकीर नसते, तेव्हा शेणी चार दिवसांत वाळतात. आणि पावसाळ्यात माणसानं मरायचंच नाही, असा तिचा साधा नियम आहे.

सगळा धोका थंडीचा. आणि थंडीतच मी तिचं ऊन खाल्लं होतं.

"मे म्हैन्यात शब्द दिलतास," आक्का म्हणाली.

"दिला होता. पण आक्का, त्यात पृथ्वीचा दोष आहे."

"कुणाचा?"

माणूस अडचणीत आला की आपल्या धंद्यात शिरतो. मी तिच्या पाटीतला शेणाचा एक गोळा उचलला. "ही समजा पृथ्वी. ही अशी सरळ नाही, साडेतेवीस अंशांनी कललेली आहे. आणि अशी कललेलीच सूर्याभोवती फिरते. उन्हाळ्यात आपली बाजू सूर्याकडं झुकलेली, थंडीत पाठमोरी. म्हणून ऊन तिरपं. आणि वेग म्हणाल तर सेकंदाला तीस किलोमीटर! आत्ता आपण बोलतोय तेवढ्यात..."

"एवढ्या जोरात पळतीया?"

"मग!"

"मग माझ्या शेणी भितीवरनं पडत न्हायत्या त्या कशा?"

"कारण भिंत, शेणी, तुम्ही, मी, सगळेच एका वेगानं..."

"काय बी सांगतोस. माझं थापणं चांगलं हाय म्हणून पडत न्हायत्या."

मी हार मानली नाही. गोळा तिरपा धरून बोळात एका बादलीभोवती फिरू लागलो. बादली म्हणजे सूर्य. "आणि गंमत ऐका. जानेवारीच्या सुरवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. तरीसुद्धा आपल्याकडं थंडी! कारण जवळ-लांब असण्याला किंमत नाही, तोंड कुणीकडं आहे त्याला किंमत."

"आमच्या पिराजीवाणीच झालं की. एका घरात ऱ्हातोय, पर तोंड मोबाइलाकडं."

एवढं बोलून तिनं माझ्या हातातून पृथ्वी काढून घेतली आणि फाट्दिशी भिंतीवर थापली. पाच बोटं उमटली.

"झाली तुझी पृथ्वी. आता ती वाळीव."

मी उपाय सुचवले. विकत शेणी आणून देतो म्हणालो. "इकतच्या शेणीवर जायला मी काय बेवारस हाय?" माझ्या गच्चीवर थापा म्हणालो. तिचे गुडघे जिना चढत नाहीत. मग मी थापतो म्हणालो, तर ती माझ्या हातांकडं बघत राहिली. त्या बघण्यात सगळं आलं. उरला पत्रा. पत्रा काढायचं मी घरात नुसतं बोललो, तर अनुजानं हातातलं लाटणं थांबवून विचारलं, "म्हणजे तुम्ही परत खाली बसणार? दिवसभर?" तिच्या डोळ्यांत पाणी तरळल्याचा मला भास झाला. बाळासोला फोन केला तर तो म्हणाला, "बघू संक्रांत झाल्यावर." मलाही ते बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू, खोली मला आवडायला लागली होती.

डिसेंबर संपता संपता आक्का आजारी पडली. छातीत कफ साचला. पिराजीनं टेम्पोतून कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. भिंत तशीच राहिली. वर खोलीत बसून मी पेपर वाचायचा प्रयत्न करायचो आणि खिडकीतून खाली त्या बुरशी धरलेल्या शेणी दिसायच्या. त्यातल्या एकीवर पाच बोटं होती. मी पेपर मनातल्या मनात वाचू लागलो. अनुजानं खालून विचारलं, "बरं आहे ना तुम्हाला?"

आठ-दहा दिवसांनी आक्का परत आली. निम्मी होऊन आली. तिची बाज बोळाच्या तोंडाशी टाकली होती, तिथं उन्हाची एक पट्टी अजून शिल्लक होती. माझ्या पत्र्याच्या कडेपासून वाचलेली. तेवढ्या पट्टीत ती शाल गुंडाळून बसली होती, आणि ऊन सरकलं की पिराजी बाज सरकवत होता. मोबाइल त्याच्या खिशात होता.

"आल्या आल्या पैलं काय इचारलं म्हायत्याय, मास्तर?" पिराजी हळूच म्हणाला. "शेणी वाळल्या का म्हणं. मी म्हटलं, आई, गप की, तुला काय हुत न्हाय. तर मलाच शिव्या."

मी बाजेच्या कडेला टेकलो. आक्काचा श्वास ऐकू येत होता. तिनं भिंतीकडं बोट केलं. तोच हात, ज्यानं माझी पृथ्वी चपटी केली होती.

"वल्ल्याच हायत्या," ती म्हणाली. "धूर हुईल रं. लोक हसतील."

कुणी हसणार नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण गणपतरावांच्या वेळी हसले होते, ते आठवलं. मग मला जे येतं तेच मी सांगितलं. आवाज शक्य तितका मऊ केला.

"आक्का, सूर्य परतीला लागलाय. रोज थोडं थोडं ऊन भिंतीवर उतरतंय, मी वरून बघतो ना. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सगळी भिंत उन्हात येते बघा. पृथ्वी आपल्या रस्त्यानं चाललीच आहे, तिला कुणी अडवत नाही. तुम्ही फक्त महिनाभर दम धरा."

आक्कानं खोकला आवरला, माझ्याकडं पाहिलं, मग वर माझ्या खोलीकडं पाहिलं.

"पृथ्वीला सवड हाय रं मास्तर, मला न्हाय; तू पत्रा काढ."