आचाऱ्याचं एम. ए.

सत्यवान केळुसकरने सर्जनशील लेखनाच्या एम. ए.ला अर्ज केला तेव्हा त्याला एकसष्टावं लागलं होतं. देवबागात ही बातमी दुपारच्या जेवणाआधी सगळीकडे पोचली, आणि हसण्यात कोणी कसूर केली नाही.

तेहतीस वर्षं तो मालवाहू जहाजांवर आचारी होता. जहाजावरून कायमचा उतरलेल्या माणसानं पुढे काय करायचं, हे आमच्या किनाऱ्यावर ठरलेलं आहे. माडांत चार खोल्या बांधायच्या, त्यांना इंग्रजी नाव द्यायचं आणि पुण्याहून आलेल्या लोकांना सुरमईच्या नावाखाली मिळेल ते तळून घालायचं. सत्यवानकडे माड होते, जागा होती, आणि तळण्यातलं तर साऱ्या गावाहून जास्त कळत होतं. पण त्याने खोल्या बांधल्या नाहीत.

"ज्यांच्या तोंडाक चव नाय, त्यांका तेहतीस वर्षां रांधून घातलंय," तो म्हणायचा. "आता पुरे."

लिहायची खोड त्याला जहाजावरच लागली. भांडी घासून झाली की रात्रीच्या जेवणापर्यंत दोन-अडीच तास रिकामे मिळत. बाकीचे झोपत किंवा पत्ते कुटत. हा वह्या भरायचा. शेवटच्या काही वर्षांत, सुट्ट्या जुळवून, त्याने मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं. परीक्षेला कणकवलीच्या केंद्रावर गेला तेव्हा दारातल्या शिक्षकानं त्याला अडवलं, "पालकांनी बाहेर थांबायचं." सत्यवानने ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं आणि आत जाऊन बसला. निकाल लागला, पहिला वर्ग. गावानं त्याचंही हसंच केलं.

एम. ए.ला पाच हजार शब्दांचं लेखन जोडायचं होतं आणि दोन शिफारसपत्रं. शिफारस मागायला तो हरिश्चंद्र सरांकडे गेला. सर निवृत्त मुख्याध्यापक. तालुक्यातल्या साहित्य मंडळाचे ते सतरा वर्षं अध्यक्ष होते, कारण सतरा वर्षांत त्यांनी सभाच बोलावली नव्हती. त्यांचे तीन कवितासंग्रह होते. तिन्ही समुद्रावर. हेच सर खाडी ओलांडून भोगव्याला जाताना होडीत डोळे मिटून लिंबू हुंगत बसतात, हे सगळ्या तरवाल्यांना माहीत होतं.

सरांनी पत्र लिहून दिलं. सत्यवानने तिथेच उघडून वाचलं. 'श्री. केळुसकर हे अल्पशिक्षित असले तरी सागरपुत्र असल्याने त्यांच्या लेखणीत लाटांची उपजत गाज आहे.'

"सर, माझा बी. ए. झाला हा. पयलो वर्ग."

"अरे हो, पण ते पोस्टानं केलेलं," सर म्हणाले. "आणि कथा वाचली मी तुझी. बरी आहे. शेवट मात्र कोरडा. वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. शेवटी समुद्र आण, आई आण."

ती कथा एका खलाशाची होती. रोडेल नावाचा, इंजिनाला तेल घालणारा फिलिपिनो तेलवाला ब्राझील सोडल्यावर इंजिनरूममध्ये छातीत कळ येऊन मेला. कंपनीनं जहाजाची वाट वाकडी करायला नकार दिला. मासळीची थंड खोली बिघडलेली, म्हणून रोडेलला ताडपत्रीत गुंडाळून मटणाच्या खोलीत, मागच्या फळीवर ठेवलं. सिंगापूर येईपर्यंत एकोणीस दिवस. आणि आचारी रोज सकाळी त्याच खोलीत जाऊन पंचवीस माणसांसाठी कोंबड्या काढून आणत होता. आत जाण्याआधी तो दार ठोठावायचा. हे सगळं घडलेलं होतं. तो आचारी सत्यवानच होता.

सरांविषयी सत्यवानला काडीचा आदर नव्हता. घरी येताना त्याने त्यांना वाटभर शिव्या घातल्या. आणि घरी आल्यावर, का कोण जाणे, त्याने कथेला आणखी एक पान जोडलं. त्यात रोडेलची म्हातारी आई किनाऱ्यावर कंदील घेऊन उभी राहिली आणि लाटा रडू लागल्या.

दुसरी शिफारस त्याने आपल्या जुन्या कप्तानाकडून मागवली. हा ग्रीक माणूस आता निवृत्त होऊन कुठल्याशा बेटावर राहत होता. त्याने दोनच ओळी पाठवल्या. 'हा माणूस माझ्या जहाजावर चार वर्षं होता. जे स्वतः खाल्लं नसतं ते त्याने कधी कोणाला वाढलं नाही.' विद्यापीठाच्या संगणकानं ते पत्र नाकारलं, कारण पाठवणारा प्राध्यापक नव्हता. सागरपुत्रवालं पत्र मात्र लगेच घेतलं. मग परीक्षा केंद्रातल्या एका सरांनी दुसरं पत्र दिलं, तेही कुणा मुलीच्या पत्रात नाव बदलून. नावाच्या पुढे 'ती' तशीच राहिली होती.

पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठानं मुलाखतीला बोलावलं. घाट चढून, रात्रभर एसटीत बसून सत्यवान तिथे पोचला. समोर तिघे होते. मधल्या गृहस्थांनी त्याची कथा चाळली. वाचली नव्हती, चाळली.

"तुम्ही तीन दशकं समुद्रावर होता. पण कथेत समुद्र जवळजवळ नाहीच. शेवटी येतो, तो भाग छान आहे. बाकी कुठे दिसत नाही."

"गॅलीला खिडकी नव्हती," सत्यवान म्हणाला.

"म्हणजे?"

"स्वयंपाकघर हो. जहाजाच्या पोटात असतं. तिथून समुद्र दिसत नाही. भांडी हलतात, त्यावरून कळतं."

बाजूच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. तिसऱ्यानं विचारलं, "मालवणी संस्कृती, दशावतार, गजाली, असं काही का नाही लिहीत? ती तुमची ताकद ठरेल."

"जहाजावर दशावतार नव्हता."

मग मधल्या गृहस्थांनी मऊ आवाजात तो प्रश्न विचारला, जो ते बहुधा सगळ्यात आधी विचारणार होते. "या वयात पदवीचा उपयोग काय कराल?"

"तुम्ही काय केलात?" सत्यवानने विचारलं.

तिथला नकार आठवड्यात आला. 'आपले अनुभवविश्व समृद्ध असून पुढील वाटचालीस शुभेच्छा.' मुंबईच्या एका विद्यापीठानं तेवढंही कळवलं नाही. गावात लोक त्याला पाहिलं की विचारत, "काय रे सत्यवान, खंयपर्यंत इलो तुझो अभ्यास?" तो तसाच पुढे जाई. ज्यांनी आयुष्यात लग्नपत्रिकेपलीकडे काही वाचलं नाही, त्यांना काय सांगायचं?

पुढच्या वर्षी त्याने पुन्हा अर्ज केला, आणि गोव्यात त्याला प्रवेश मिळाला. देवबागहून रोज जाणं अशक्य, म्हणून तो बायकोच्या भावाकडे बांद्याला राहू लागला. सकाळी गोव्याला कामावर जाणाऱ्या पोरांबरोबर बस पकडायची, संध्याकाळी परत. शनिवार-रविवार देवबाग.

वर्गात चौदा मुलं होती, विशीतली. त्यांच्याबद्दल त्याचं मत पहिल्या दिवशीच बनलं. एकाच्या कथेत आत्महत्या होती, दुसऱ्याच्याही होती, तिसऱ्याच्या कथेत नायक कॉफी पीत खिडकीबाहेर बघत बसला होता. "एकाकय कधी भूक लागाक नाय," तो बायकोला सांगायचा. "एकाच्याय गोष्टीत कोण जेवत नाय." मुलं त्याला अंकल म्हणत आणि त्याच्या प्रत्येक ओळीला 'अमेझिंग' म्हणत. त्याचा त्याला सगळ्यात जास्त राग यायचा.

शिकवायला अक्षया नावाच्या बाई होत्या, चौतीस-पस्तीसच्या. त्यांनी एकदा रोडेलची कथा सगळ्यांसमोर वाचायला लावली. वाचून झाली. दोघींनी डोळे पुसले. अक्षया मॅडमनी शेवटचं पान उचललं.

"या आईला तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही."

"कधी फोनवर बोललात? पत्र आलं तिचं?"

"नाही."

"मग ही इथे काय करते?" त्यांनी त्या पानावर वरून खालपर्यंत रेघ मारली. "इथे तुम्ही आम्हाला रडवायला बसलात. त्याआधीची सोळा पानं कोणाची पर्वा करत नाहीत. म्हणून ती चांगली आहेत."

सत्यवान तडक उठून बाहेर पडला. बस लागेपर्यंत तो मनातल्या मनात बाईंना झोडत होता. काल जन्मलेली पोर, जहाजाची शिडी चढायची तर हिला दोघांनी धरायला हवं! बांद्याला पोचल्यावर जेवलाही नाही. मग त्याने ती पानं काढली आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. कंदील. रडणाऱ्या लाटा. 'गाज' हा शब्द तीनदा. हे आपण कोणासाठी लिहिलं, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. ज्याला होडीत लिंबू लागतं त्या माणसाला खूश करायला त्याने मेलेल्या सोबत्याची आई उसनी आणली होती. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांना तुच्छ लेखलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात गेला. माफी वगैरे मागितली नाही. कथा दिली, सोळा पानांची. मॅडमनी ती घेतली आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

शनिवारी त्याने ती देवबागला नेली. त्याची बायको शर्मिला त्याचं लिखाण कधी वाचत नसे. "तुमची ती लिवणी" म्हणून वह्या कपाटावर ठेवायची. त्या दिवशी कोलंबी सोलायची राहिली होती, तो सोलायला बसला, आणि ती चष्मा लावून पायरीवर बसली. एकेक पान वाचून पालथं ठेवत गेली.

"एकुणीस दिस?" तिने विचारलं.

"हां."

"त्याच खोलयेत?"

"दुसरी बिघडलेली गो."

"तुमी माका कधी सांगलास नाय."

"तेवा बंदरातसून फोन करी. तीन मिनिटां. त्यात तू पोरांच्या शाळेचा सांगायस, मी आयकी. त्यात ह्या खंय घालूचा?"

शर्मिलाने पानं सारखी केली. "आनि मगे त्या कोंबयो," ती म्हणाली, "लोक खायत?"

"खायत. मीठ कमी म्हणान कुरकुरत."

ती उठून आत गेली. चुलीपाशी तिचा काही आवाज येईना, म्हणून तो कोलंबीचे हात घेऊनच आत गेला. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तो तिथेच थांबला.

आता सत्यवान दुसऱ्या वर्षाला आहे. साहित्यसिद्धांताच्या पेपरात तो नापास झाला. त्याच्या मते तो पेपर काढणाऱ्याला आयुष्यात कधी काही झालेलं नाही. तरी त्याने पुन्हा बसायचा फॉर्म भरला आहे. साहित्य मंडळानं गेल्या महिन्यात त्याचा सत्कार ठरवला, पत्रिकेत 'हरिश्चंद्र सरांचे शिष्य' असं छापलं. सत्कारादिवशी सत्यवानची बांद्याहून देवबागला येणारी बस चुकली नाही. तो तिच्यात बसलाच नाही. मंडळानं नारळ आणि शाल घरी पाठवली. शाल शर्मिलाने कुत्र्याच्या पिल्लांना घातली, आणि नारळाची त्या दुपारी सोलकढी झाली.